थ्रीडीतले ऊन कोणत्या गावचे?

मे महिना लागला की वर्तमानपत्रांत शून्य सावली दिवसाच्या बातम्या येऊ लागतात. सूर्य रोज थोडा थोडा उत्तरेकडे सरकत असतो. सिंधुदुर्गात तो महिन्याच्या सुरुवातीलाच बरोबर डोक्यावर येतो आणि धुळे, जळगाव, नंदुरबारपर्यंत पोहोचायला त्याला महिन्याचा शेवटचा आठवडा उजाडतो. त्या दिवशी मुले अंगणात पाण्याची बाटली उभी करून तिची सावली नाहीशी होताना पाहतात, कोणी तरी फोटो काढतो आणि मग यंदा पाऊस कधी येणार याची चर्चा सुरू होते.

मला ही बातमी दरवर्षी जरा बोचते. मी बंगल्यांच्या आणि शेतातल्या घरांच्या अंगणांचे आराखडे करतो आणि काम सुरू होण्यापूर्वी ते घरमालकाला संगणकावर तयार केलेल्या चित्रांतून दाखवतो. आपल्याकडे या चित्रांना सरसकट ‘थ्रीडी’ म्हणतात. काही वर्षांपूर्वी अमळनेर तालुक्यातील एका घराच्या मागच्या, म्हणजे उत्तरेच्या अंगाला मी ओटा सुचवला होता. घर दुमजली, वीस फूट उंच. मे महिन्यातील दुपारी साडेबाराच्या चित्रात घराची जवळजवळ सात फूट रुंद सावली ओट्यावर अगदी मापात पडलेली दिसत होती, आणि घरातल्या आजींनी धान्य निवडायला तिथेच बसायचे असे सर्वानुमते ठरले होते. ओटा बांधून झाला, पुढचा मे आला आणि आजींनी मला बोलावून घेतले. भर दुपारी त्या ओट्यावर अनवाणी पाय ठेववत नव्हता. “भाऊ, चित्रमा तं सावली व्हती, आठे कोठे शे?” एवढेच त्या म्हणाल्या.

चित्रातली सावली मनाने रंगवलेली नव्हती. ती हिशेबाने काढलेली होती आणि हिशेब बरोबरही होता. फक्त ती सावली अमेरिकेतील बोल्डर नावाच्या गावची होती. मॉडेलला गाव द्यायचे मी विसरलो होतो.

## रेंडर म्हणजे मोजून काढलेले चित्र

स्केचअपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये प्रथम घर, कंपाउंड, ओटा, पायवाट, झाडे यांची मापाबरहुकूम प्रतिकृती उभी करतात. तिला मॉडेल म्हणतात. या मॉडेलवर प्रकाश पाडून त्याचे फोटोसारखे चित्र तयार करण्याच्या क्रियेला रेंडरिंग आणि तयार झालेल्या चित्राला रेंडर म्हणतात. लुमियन, एन्स्केप, ट्विनमोशन, व्ही-रे ही या कामासाठी वापरली जाणारी नेहमीची नावे आहेत. सूर्य कोठे आहे, त्याचा किरण कशाला अडतो, पांढऱ्या भिंतीवर आपटून किती उजेड ओट्याकडे परत येतो, असा सगळा हिशेब हे सॉफ्टवेअर करते आणि तो सहसा चुकत नाही.

चूक होते ती हिशेबात भरायच्या आकड्यांत. गाव, तारीख, वेळ, हवेतील धूळ, कॅमेऱ्याची उंची हे सारे माणसाने सांगायचे असते, आणि माणसाने सांगितले नाही तर सॉफ्टवेअर आधीच भरून ठेवलेला स्वतःचा आकडा वापरते. किराणा दुकानात यादीवर नुसतेच ‘तांदूळ’ लिहून पाठवले तर दुकानदार त्याच्या मनाचा तांदूळ बांधून देतो. त्याला खोटे बोलला असे म्हणता येत नाही, आणि घरी भात मात्र वेगळाच होतो.

## आधी गाव, मग तारीख, मग घड्याळ

स्केचअप २००० साली बोल्डरमधील एका कंपनीने बाजारात आणले, आणि ठिकाण न दिलेल्या मॉडेलवर ते त्याच गावचा सूर्य उगववते. बोल्डर ४० अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि जळगाव २१ अंशांवर. या १९ अंशांनी काय होते ते पाहण्यासाठी दहा फूट उंचीची एक भिंत डोळ्यांसमोर आणावी. २१ डिसेंबरच्या मध्यान्ही बोल्डरचा सूर्य जेमतेम साडेसव्वीस अंश वर चढतो, त्यामुळे तिथे त्या भिंतीची सावली वीस फूट लांब पडते. त्याच दिवशी जळगावचा सूर्य साडेपंचेचाळीस अंश वर असतो आणि सावली भिंतीच्या उंचीएवढी, म्हणजे सुमारे दहा फूट असते. ठिकाण न बदलता केलेल्या थ्रीडीत घरामागची बाग हिवाळाभर अंधारात बुडालेली दिसते आणि मालक तिथे गुलाब लावण्याचा विचार सोडून देतो. प्रत्यक्षात त्यातील निम्म्या जागेला चांगले ऊन मिळत असते.

उन्हाळ्यात फसवणूक उलट दिशेने होते. मे महिन्याच्या अखेरीस बोल्डरचा मध्यान्हीचा सूर्य ७१ अंशांवर आणि दक्षिणेला असतो, म्हणून वीस फुटांच्या घराची सात फूट सावली उत्तरेला पडते. आपल्याकडे तो थेट माथ्यावर असतो आणि सावली भिंतीच्या पायाशी संपते. त्याही पुढची गंमत अशी की मे अखेरीपासून जुलैच्या मध्यानंतरपर्यंत खानदेशात मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेलाच असतो, म्हणजे उत्तरेच्या भिंतीवर ऊन आणि दक्षिणेच्या भिंतीवर सावली. बोल्डर कर्कवृत्ताच्या, म्हणजे साडेतेवीस अंशांच्या, बरेच पलीकडे असल्यामुळे तिथल्या माणसाला असा दिवस घरी बसून कधीच दिसणार नाही.

गाव निवडताना फार काटेकोरपणा लागत नाही. चाळीसगावऐवजी शहादा निवडले तरी एखाद्या अंशाचाच फरक पडतो. उत्तर दिशा मात्र काटेकोर हवी. प्लॉट कागदावर नीट बसावा म्हणून नकाशा काढणारे तो बहुतेक वेळा कागदाच्या कडेला समांतर फिरवून घेतात, आणि सॉफ्टवेअर कागदाची वरची बाजू हीच उत्तर समजून चालते. प्लॉट प्रत्यक्षात ३० अंश तिरका असेल तर सगळ्या सावल्या ३० अंशांनी चुकतात, आणि चित्र पाहून कोणालाही शंका येत नाही.

घड्याळाचेही एक गणित आहे. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची आहे आणि जळगाव त्याच्या सात अंश पश्चिमेला. दर अंशाला चार मिनिटे धरली तर आपली खरी मध्यान्ह घड्याळातल्या बारानंतर सुमारे २८ मिनिटांनी होते, ऋतूनुसार दहा-पंधरा मिनिटे इकडे-तिकडे. सॉफ्टवेअरमध्ये ग्रिनिचपासूनचा फरक साडेपाच तास असा भरला की हे आपोआप जुळते.

एवढे केल्यावर चित्र उपयोगाची माहिती देऊ लागते. उदाहरणार्थ, मे अखेरीस संध्याकाळी पाच वाजता जळगावचा सूर्य २६ अंशांवर आणि पश्चिमेच्या थोडा उत्तरेला असतो. पश्चिम अंगणात आठ फूट उंचीचा मांडव घातला तर त्याच्या छताखालून ऊन सोळा फूट आत येते. म्हणजे मांडव कितीही देखणा असला तरी पाच वाजता त्याच्या सावलीत बसता येणार नाही. तिथे वरच्या पट्ट्यांपेक्षा पश्चिमेच्या बाजूला उभी जाळी आणि तिच्यावर मधुमालतीसारखा दाट वेल हवा. दुपारी बाराचे एकच चित्र पाहिले असते तर हे कळले नसते.

## सावली काळी का नसते?

ऊन एकटे येत नाही, त्याच्याबरोबर आकाशाचाही उजेड येतो. उघड्या आकाशाखाली भर दुपारी जमिनीवर साधारण एक लाख लक्स प्रकाश पडतो. लक्स हे जमिनीवर पडणाऱ्या उजेडाचे माप आहे. घरात दिव्याखाली ते शे-तीनशेच्या घरात असते. घराच्या सावलीत सूर्य दिसत नसला तरी निळे आकाश दिसत असते, आणि त्याच्यामुळे तिथेही दहा-पंधरा हजार लक्स सहज मिळतात. म्हणून खऱ्या सावलीत सगळे दिसते आणि तिला हलकी निळसर छटा असते. सॉफ्टवेअरमध्ये सूर्य आणि आकाश यांची दोन वेगळी नियंत्रणे असतात. नवशिका माणूस ऊन रखरखीत दिसावे म्हणून सूर्य वाढवतो आणि आकाश विसरतो; मग कडुनिंबाखालची सावली डांबर ओतल्यासारखी दिसते.

सावलीची कड हाही पाहण्यासारखा विषय आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालतात. प्लास्टिकच्या कागदावर पसरलेल्या बिबड्याची कड वाळून वर उचलली गेली की तिची सावली चाकूने कापल्यासारखी रेखीव असते. त्याच गच्चीवर डोक्यापेक्षा उंच बांधलेल्या कपड्यांच्या तारेची सावली शोधू गेल्यास दोन सेंटीमीटर रुंदीचा एक पुसट पट्टा तेवढा दिसतो, कधी तोही दिसत नाही. सूर्य हा बिंदू नसून आकाशातील अर्ध्या अंशाची थाळी आहे. त्यामुळे वस्तू जितकी उंच तितकी सावलीची कड पसरते, साधारण दर १०७ इंचांना एक इंच. वीस फूट उंचीच्या फांदीच्या सावलीची कड दोन इंचांहून अधिक पसरलेली असते. सूर्याचा आकार वाढवण्या-घटवण्याची सोय बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये असते. तो मुळात आहे तसाच ठेवावा, असे माझे मत आहे. सूर्य मोठा केल्यावर चित्र मऊ, गोडसर दिसते हे खरे, पण ते ऊन मग ढगाआडचे होते आणि खानदेशातील मे महिना असा कधी नसतो.

हवेतल्या धुळीसाठी व्ही-रेसारख्या सॉफ्टवेअरमध्ये टर्बिडिटी नावाचा आकडा असतो. तो कमी ठेवला तर पाऊस पडून गेल्यानंतरचे स्वच्छ निळे आकाश मिळते. वाढवला तर उन्हाळ्याचे पांढुरके, मळकट आकाश आणि पिवळट ऊन. मी मे महिन्याच्या चित्रात तो वाढवतो. घरमालकांना ते चित्र फारसे आवडत नाही.

एका सापळ्याचा मात्र येथे उल्लेख करायलाच हवा. अनेक जण आकाशासाठी एचडीआरआय वापरतात. खऱ्या आकाशाचा चारही बाजूंनी काढलेला, उजेडाची खरी प्रमाणे साठवलेला फोटो म्हणजे एचडीआरआय. त्यातील ढग सुंदर असतात, पण त्यातला सूर्यही फोटो काढला त्या गावचा आणि त्या वेळचा असतो. तो तुमच्या तारखेचे आणि घड्याळाचे ऐकत नाही. आधी गाव-तारीख नीट भरून वर असे आकाश लावले की सगळी मेहनत वाया जाते, आणि वाया गेली हे कळतही नाही.

## उजेड किती आत घ्यायचा?

भर उन्हातून एकदम जुन्या धाब्याच्या घरात शिरले की दोन मिनिटे काही दिसत नाही. मग हळूहळू उतरंड दिसते, देवळी दिसते, कोपऱ्यात झोपलेले मांजरही दिसते. घरातला उजेड वाढलेला नसतो, आपल्या डोळ्यांनी उजेड घेण्याचे प्रमाण वाढवलेले असते. कॅमेऱ्यात या प्रमाणाला एक्स्पोजर म्हणतात आणि रेंडरिंगच्या कॅमेऱ्यातही ते असते. ते पायऱ्यांनी मोजतात. एक पायरी म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. भर उन्हासाठी पंधरावी पायरी आणि रात्रीच्या घरातील दिव्यांसाठी साधारण पाचवी, म्हणजे मध्ये दहा वेळा दुप्पट, म्हणजेच हजारपट फरक. जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांना भर उन्हाचा आकडा पाठ असे: लेन्सचे छिद्र एफ/१६ आणि शंभरच्या फिल्मला उजेड घ्यायची वेळ एक शतांश सेकंद. व्ही-रेच्या कॅमेऱ्यात आजही हेच आकडे टाकले तर उन्हातले अंगण बरोबर दिसते.

सॉफ्टवेअर आपोआप एक्स्पोजर ठरवू शकते, मग आपण कशाला लक्ष घालायचे, असा प्रश्न येथे साहजिक आहे. एकच चित्र हवे असेल तर आपोआपवर सोडायला हरकत नाही. पण दोन चित्रांची तुलना करायची असेल तर ते फसवते, कारण सॉफ्टवेअर प्रत्येक चित्र डोळ्याला बरे वाटेल अशा मध्यम उजेडावर आणून ठेवते. झाड असलेले आणि झाड नसलेले अंगण दोन्ही सारखीच उजळ दिसतात, आणि झाडाने नेमके काय केले हेच झाकले जाते. तुलना करताना एक्स्पोजर एका आकड्यावर बांधून टाकावे.

व्हाइट बॅलन्स हाही याच घरातला. पिवळ्या बल्बखाली पांढरे धोतर आपल्याला पांढरेच दिसते, कॅमेऱ्याला ते पिवळे दिसते. पांढरे कशाला म्हणायचे हे त्याला केल्व्हिन या मापात सांगावे लागते. दुपारच्या उन्हासाठी साडेपाच हजार आणि जुन्या बल्बसाठी २७०० हे दोन आकडे ध्यानात ठेवले तरी काम भागते.

## कॅमेरा कोणाच्या डोळ्यांचा?

बहुतेक थ्रीडी दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून पाहिलेल्या असतात. तिथून आराखडा छान उलगडतो, पण तिथे उभे राहून बाग पाहणारे घरात कोणी नसते. उभ्या माणसाचे डोळे पाच-सव्वापाच फुटांवर असतात आणि बाजेवर बसलेल्याचे साडेतीन-चार फुटांवर. बसलेल्या उंचीवरून पाहिले की चार फुटांचे मेंदीचे कुंपण अख्खी बाग झाकते, हे वरून पाहताना कधीच लक्षात येत नाही.

दुसरी गोष्ट लेन्सची. फोकल लेंग्थ हा लेन्सचा मिलिमीटरमधला आकडा जितका लहान तितके चित्रात जास्त रुंद दृश्य मावते. २४ मिलिमीटरला सुमारे ७४ अंश मावतात आणि ५० मिलिमीटरला सुमारे ४० अंश. जास्त मावते हा फायदा दिसतो, पण त्याची किंमत अशी की जवळचे फार मोठे आणि दूरचे फार लहान होते, म्हणून अंतर ताणले जाते. लग्नातल्या मोबाइलच्या समूहफोटोत कडेला उभे असलेले मामा रुंद झालेले दिसतात ते यामुळेच. पंधरा फुटांचे अंगण १८ मिलिमीटरच्या लेन्सने शाळेच्या मैदानाएवढे दिसते. मी शक्यतो २८ ते ३५च्या खाली जात नाही. अगदी चिंचोळ्या जागेत नाइलाजाने २४ वापरतो आणि शेजारी माणसाची आकृती उभी करतो, म्हणजे पाहणाऱ्याला मापाचा अंदाज राहतो.

कॅमेरा वर किंवा खाली झुकवला की घराचे कोपरे आत किंवा बाहेर झुकलेले दिसतात. स्केचअपमध्ये टू-पॉइंट पर्स्पेक्टिव्ह आणि इतर सॉफ्टवेअरमध्ये तत्सम सोय असते. ती चालू केली की उभ्या रेषा उभ्या राहतात. पार्श्वभूमी धूसर करण्याचा परिणाम बागेच्या चित्रात बहुधा लागत नाही.

## चित्र जरा खुलवले तर बिघडले काय?

हा आक्षेप मला व्यवसायातल्या मित्रांकडून नेहमी ऐकू येतो, आणि त्यात तथ्य आहे. संध्याकाळी सहाच्या तिरप्या, सोनेरी उन्हात भिंतीचा पोत आणि पानांची कड उठून दिसते. दुपारच्या माथ्यावरच्या उन्हात सगळे सपाट होते. गिऱ्हाइकाला रंग आणि दगड निवडायचे असतील तर संध्याकाळचे चित्रच द्यावे. माझे म्हणणे इतकेच आहे की त्याच्याबरोबर मे महिन्यातले दुपारी साडेबाराचे आणि संध्याकाळी पाचचे, अशी दोन रुक्ष चित्रेही द्यावीत आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात गाव, तारीख, वेळ लिहावी. घरमालकानेही ती मागून घ्यावीत. रंग आवडला नाही तर दुसरा देता येतो. पश्चिमेला बांधलेला ओटा पूर्वेला नेता येत नाही.

बिल्डरांच्या फलकांवरील चित्रांची गोष्ट वेगळी आहे. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १२ मध्ये जाहिरातीतील वा माहितीपत्रकातील खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या आणि त्यामुळे नुकसान झालेल्या ग्राहकाला भरपाई देण्याची तरतूद आहे. घराच्या अंगणाचा आराखडा करणाऱ्या माझ्यासारख्याला ते कलम लागू होत नाही, पण आजींसमोर उभे राहताना त्याचा काही आधारही वाटला नाही.

## रात्रीची चित्रे एवढी उजळ कशी?

रात्रीच्या थ्रीडीत पायवाटेचे छोटे दिवे दिवाळीसारखे झळकताना दिसतात आणि प्रत्यक्षात बसवल्यावर ते मिणमिणते वाटतात. पौर्णिमेच्या चंद्राचा उजेड पाव लक्सच्या आसपास असतो. तरीही बाग दिसावी म्हणून एक्स्पोजर खूप उघडलेले असते, आणि त्यामुळे दिवेही फुगतात. दिव्याची ताकद लुमेनमध्ये, म्हणजे दिव्यातून बाहेर पडणाऱ्या एकूण उजेडाच्या मापात, खरी भरावी. नऊ वॅटच्या एलईडी बल्बला आठशे-नऊशे लुमेन धरता येतात. उत्पादकाकडून आयईएस फाइल मिळाली तर आणखी उत्तम, कारण त्या दिव्याचा उजेड कोणत्या दिशेला किती पसरतो हे तिच्यात लिहिलेले असते.

## एआय हे सगळे चुटकीसरशी करत नाही का?

एआयला घराचा फोटो आणि दोन ओळी दिल्या की अंगणाचे सुरेख चित्र मिळते, हे खरे आहे, आणि कोणत्या धर्तीची बाग हवी हे ठरवायला मीही ते वापरतो. मात्र त्यातील सावली पाहिलेल्या असंख्य चित्रांवरून शोभेसाठी काढलेली असते. तिच्यामागे अक्षांश, तारीख आणि भिंतीची उंची यांचा हिशेब नसतो. ओट्याची किंवा झाडाची जागा त्या चित्रावरून ठरवू नये.

थ्रीडी करणाऱ्याला तांत्रिक प्रश्न कसे विचारायचे, अशी अडचण असेल तर एक सोपी परीक्षा आहे. त्याच्या मॉडेलमध्ये मोकळ्या जागी दहा फूट उंचीचा एक खांब उभा करायला सांगावा. तारीख २१ डिसेंबर आणि वेळ बारा वाजून पंचवीस मिनिटे ठेवली की सावली उत्तरेला, जवळजवळ दहा फूट पडली पाहिजे. मग तारीख २५ मे करावी. त्याच वेळी सावली खांबाच्या पायाशी गोळा झाली पाहिजे. डिसेंबरची सावली वीस फूट निघाली तर ठिकाण भरलेले नाही, आणि लांबी बरोबर पण दिशा वाकडी निघाली तर उत्तर चुकली आहे. या कामाला दोन मिनिटे लागतात. मी आता प्रत्येक मॉडेलमध्ये तो खांब आधी रोवतो आणि शेवटचे चित्र काढण्यापूर्वी काढून टाकतो. एकदा काढायचा राहिला, तर मालकांनी तो झेंड्याचा खांब समजून त्याचाही दर विचारला.